दांडगाई मोठी, की बचाव?

आपल्याकडे हॉकी म्हटली की ध्यानचंद आठवतात. कॅनडा-अमेरिकेतली हॉकी बर्फावरची, अंगाला अंग भिडणारी. तेथील शौकिनांचा जुना वाद असा : संघ दांडगा हवा, की बचाव पक्का?

फिलाडेल्फिया फ्लायर्सने १९७४ व १९७५ साली स्टॅन्ली चषक जिंकला, तो दांडगाईने, असे पुष्कळ जण म्हणतात. त्यांच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या हंगामात ४७२ मिनिटांची शिक्षा भोगली! पण दोन्ही वर्षी बाद फेऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो त्यांचा गोलरक्षक बर्नी पॅरेंट. पुढे १९७६ साली रॉबिन्सन, सावार्ड, लापॉइंट हे बचावपटू असलेल्या माँट्रियलने त्यांना सलग चार सामन्यांत नमवले.

श्रीमंत संघ डोईजड होऊ नयेत म्हणून लीगने २००५ पासून पगारांना मर्यादा घातली. दांडगाईला आवर घालायला मात्र पक्का बचावच लागतो.