पदक नाकारलेला सुतार

अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या बर्फात मोहीमप्रमुख शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज चिरडलं, तरी त्यावरची 28 माणसं जिवंत परतली. त्याचं श्रेय नेतृत्वाला देऊन आपण मोकळे होतो. पण मोठा वाटा जहाजावरच्या सुताराचा, हॅरी मॅकनिशचा आहे. एप्रिल 1916 मध्ये एलिफंट बेटावरून मदतीसाठी निघालेली ‘जेम्स केर्ड’ म्हणजे जेमतेम 22 फुटांची उघडी होडी. तिच्या कडा त्याने आधीच उंच केल्या होत्या. बेटावर स्लेजच्या पट्ट्या आणि खोक्यांची फळकुटं ठोकून त्याने वर कॅनव्हास ताणला. फटी बुजवायला काय, तर दिव्याची वात, चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचं रक्त! दिशा जहाजाचा कप्तान वर्स्लीने अचूक काढली हे खरंच, पण उघडी होडी त्या लाटांत भरून बुडाली असती, तर गणित कितीही बरोबर असून काय उपयोग?

मॅकनिशने बंड केलं, म्हणून त्याला पोलर मेडल नाकारलं हे योग्यच, असं काहीजण म्हणतात. डिसेंबर 1915 मध्ये बर्फावरून होड्या ओढायला नकार देऊन तो अडून बसला, हे खरं. जहाज बुडालं म्हणजे करार संपला, असं त्याचं म्हणणं. पण थोड्याच वेळात तो पुन्हा कामाला लागला, आणि पुढे ‘जेम्स केर्ड’मधून दक्षिण जॉर्जियाला जायच्या त्या सफरीसाठी शॅकल्टनने निवडलेल्या पाच जणांत तो होता. जीव सोपवण्याइतका भरवशाचा माणूस पदकाच्या शिफारशीच्या यादीत मात्र बसत नव्हता, हे मला तरी पटत नाही.