मीटर बसण्याआधीचं वीजबिल

इमारतींना ऊर्जेचे तारे देण्याची ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’ची योजना २००९ मध्ये कार्यालयांपासून सुरू झाली. हिशेब सोपा आहे: वर्षभराची वीज भागिले बांधीव क्षेत्रफळ. मात्र तो मीटर फिरू लागल्यावर सुरू होतो. सिमेंटसाठी चंद्रपूरकडच्या भट्ट्यांत जळालेला कोळसा, सळईसाठी जालन्यात लागलेली वीज त्यात धरतच नाहीत.

ही अंतर्भूत ऊर्जा मोजता येते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या वेंकटराम रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ मध्ये आकडे मांडले: सिमेंट किलोला ५.८५ मेगाज्यूल, पोलाद ४२. आठ मजली आरसीसी इमारत चौरस मीटरला ४.२१ गिगाज्यूल, सिमेंट मिसळलेल्या दाबीव मातीच्या ठोकळ्यांचं दोन मजली घर १.६१.

मेगाज्यूलला ३.६ ने भागलं की युनिट मिळतात. पण ही बहुतेक उष्णता आहे. पारसच्या औष्णिक केंद्रातही कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्साच वीज होतो, म्हणून पुन्हा तिनाने भागायचं. ४.२१ गिगाज्यूलची झाली सुमारे ३९० युनिट. चौरस मीटरला वर्षाकाठी दीडशे युनिट खाणाऱ्या एसी कार्यालयाचं हे अडीच वर्षांचं बिल. पण समजा, अमरावतीत कूलरवर उन्हाळा काढणारा १०० चौरस मीटरचा फ्लॅट महिन्याला दीडशे युनिट जाळतो. म्हणजे वर्षाला चौरस मीटरमागे १८. तिथे ३९० युनिट म्हणजे जवळपास बावीस वर्षांचं बिल! घर जितकं काटकसरी, तितका हा खर्च ठळक. तो वगळून घरांना दिलेले तारे मला अर्धवट वाटतात.

शिवाय अमरावतीकडची आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि बरंच काँक्रीट जमिनीतच जातं. बंगळुरूचा आकडा इथे कमीच पडायचा. पूर्वीच्या पांढऱ्या मातीच्या धाब्याच्या घरात हा खर्च नगण्य होता, पण दर पावसाळ्याआधी धाब्याच्या सपाट छतावर माती टाकायची आज कोणाची तयारी आहे?

खरी गोची विटांसाठी वापरल्या जाणाऱ्या पारसच्या औष्णिक केंद्रातल्या राखेची. ती टाकाऊ म्हणून शून्य धरायची, की विजेच्या खर्चातला वाटा तिच्याही नावे टाकायचा? सहसा शून्य धरतात. मग न भाजलेल्या राखेच्या विटेत मुख्यतः सिमेंट-चुन्याचाच खर्च उरतो.

घर बांधताय ना? इंजिनिअरकडून सिमेंटची पोती, सळईचं वजन आणि विटांची संख्या मागून घ्या. पोत्याला २७ युनिट, सळईच्या किलोला चार (भंगारातली असेल तर कमी), अडीच भाजलेल्या विटांना एक धरा. बेरजेला क्षेत्रफळाने भागा आणि स्लॅब पडण्याआधी तो आकडा चौरस मीटरमागच्या आपल्या वर्षाच्या युनिटांशेजारी ठेवून बघा.