कावळ्याला आतलं काय दिसतं?

‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘मी नदी बोलते आहे’ असे निबंध आपल्या शाळांमधली मुलं वर्षानुवर्षं लिहीत आली आहेत. त्यातलं पुस्तक सहसा वाचनाचं महत्त्व सांगतं, नदी प्रदूषणावर बोलते आणि दोघांचाही सूर गुरुजींचाच लागतो. ‘तो’चा ‘मी’ होतो, नजर मात्र जुनीच राहते. दुसऱ्याच्या बाजूने गोष्ट लिहायची तर त्याला काय वाटलं याच्याही आधी त्याला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे ठरवावं लागतं. शिकवायला हवं ते हे.

काऊ-चिऊची गोष्ट घ्या. शेणाचं घर पावसात वाहून गेल्यावर कावळा चिमणीच्या मेणाच्या घराचं दार ठोठावतो आणि बाळाची अंघोळ, तीट-काजळ आटोपेपर्यंत चिमणी त्याला ताटकळत ठेवते. आता हे कावळ्याने सांगायचं. दार बंद असल्यामुळे ‘चिमणी बाळाला तीट लावत होती’ हे वाक्य त्याला लिहिताच येत नाही. ‘तीट लावतेय, असं ती आतून म्हणाली’ एवढंच त्याच्या हाती आहे. ती खरं बोलतेय की टाळतेय, हा संशय तिथेच जन्मतो. पिल्लाने सांगायचं ठरवलं तर त्याला थाप ऐकू येईल, पण बाहेर कुणाचं घर वाहून गेलंय याचा पत्ता नसेल. मुलांच्या प्रत्येक वाक्यापाशी थांबून ‘हे तुला कसं कळलं?’ एवढं विचारलं, तरी निम्मा धडा होतो.

इतक्या लहान वयात हे झेपेल का? १९८३ साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मुलगा कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो, त्याच्यामागे आई ते दुसरीकडे हलवते. परतल्यावर तो कुठे शोधेल? तीन-चार वर्षांच्या मुलांनी नवी जागा दाखवली. सहा ते नऊ वयाच्या बहुतेकांनी जुनी, म्हणजे बरोबर. तेव्हा प्राथमिक शाळेतल्या मुलाकडे ही समज असते. लिहिताना ती वापरायची सवय तेवढी लावायची. वेगळा तास काढायला वेळ नाही, ही तक्रार रास्त आहे. पण आत्मवृत्ताचा तास आहेच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: प्रत्येकाची बाजू मांडायला शिकलेलं मूल प्रत्येकाला बरोबर ठरवणार नाही का? वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. बोलायची संधी मिळाली म्हणून ययातीची भोगलालसा क्षम्य होत नाही. उलट त्याच्याच तोंडून ती उघडी पडते. समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. कावळ्याची तक्रार नीट लिहून झाली, की चिमणी चुकली की नाही यावर मुलांना खुशाल भांडू द्यावं. निदान त्या भांडणात दोन्ही पक्षांचं म्हणणं त्यांच्या वहीत असेल.