टाकीत उरलेले पेट्रोल

कोकणच्या किनाऱ्यावर तारकर्ली, मालवण, गणपतीपुळे अशा ठिकाणी पर्यटकांना लाटांवरून फिरवून आणणाऱ्या जेट स्की मेअखेरीस पाण्याबाहेर काढल्या जातात आणि सागरी मंडळाच्या पावसाळी बंदीच्या हुकमाची मुदत संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत, ताडपत्रीखाली पडून राहतात. आणि नेमक्या त्याच सुमारास, समुद्रापासून शेकडो मैल आत, वाशीम जिल्ह्यातील शेतकरी गेल्या आश्विनात टिनाच्या शेडात ठेवून दिलेला पेट्रोलचा फवारणी पंप बाहेर काढतो. एकाच पावसाने किनाऱ्यावरचे यंत्र निजते आणि वऱ्हाडातले जागे व्हावे अशी अपेक्षा असते. दोन्ही यंत्रांच्या मालकांची कैफियत मात्र शब्दशः एकच असते, की ठेवताना यंत्र उत्तम चालत होते, आणि आज काही केल्या सुरू होत नाही.

वाशीमच्या शेतकऱ्याची अडचण अधिक निकडीची आहे. हा जिल्हा सोयाबीनचा. जूनअखेर पेरणी, पुढे दीड-दोन महिन्यांत चक्रीभुंगा, खोडमाशी आणि पाने खाणारी अळी यांचा उपद्रव, आणि फवारणीला मिळते ती दोन सरींमधली उघाड, कधी एका दिवसाची, कधी अर्ध्या दिवसाचीच. अशा सकाळी दोरी ओढून ओढून हात भरून आला तरी इंजिन फुरफुरतसुद्धा नसेल, तर माणूस जे करतो ते सर्वत्र सारखेच असते: तो प्लगवर संशय घेतो, तालुक्याच्या गावी जाऊन नवा प्लग आणतो, तो बसवतो, पुन्हा दोरी ओढतो आणि पुन्हा निराश होतो. प्लग हा या खटल्यातला नेहमीचा आरोपी असून बहुतेक वेळा तो निर्दोष असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे. पेट्रोलच्या इंजिनाला सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात मिसळलेली हवा व इंधनाची वाफ, ते मिश्रण दाबून धरणारे कॉम्प्रेशन, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. पाठीवरच्या पंपाला बॅटरी नसते. त्याची ठिणगी मॅग्नेटोतून येते, म्हणजे चाकात बसवलेले चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून वेगाने फिरले की वेटोळ्यात उच्च दाबाची वीज उत्पन्न होते. उच्च दाबाच्या मॅग्नेटोची ही युक्ती जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली व्यवहारात आणली आणि तिचे तत्त्व अद्याप बदललेले नाही. आठ महिन्यांत चुंबक क्षीण होत नाही, तांब्याची तार नासत नाही. फार तर चाकाच्या कडेला गंज चढतो किंवा प्लगच्या टोपीत ओल शिरते. कॉम्प्रेशनचीही तीच गोष्ट: पिस्टनच्या कड्यांवरचे तेल सुकल्याने दाब थोडा गळतो, पण प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडले की तो बहुधा पूर्ववत होतो. या तिन्हींत खरोखर नाशवंत असा जिन्नस एकच, आणि तो म्हणजे टाकीत उरलेले पेट्रोल.

पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे, ते शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, आणि त्यातील घटक सुमारे ३५ अंशांपासून सुमारे २१० अंश सेल्सियसपर्यंत निरनिराळ्या तापमानांना उकळतात. थंड इंजिन पेटवण्याचे काम यांतल्या सर्वांत हलक्या, सर्वांत चंचल घटकांकडे असते. कारण हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच ते मिश्रण पेट घेते, आणि पावसाळी सकाळच्या गारव्यात तेवढी वाफ जड घटकांपासून निघत नाही. परंतु हे हलके घटकच सर्वांआधी निघून जातात. वाशीमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि टिनाच्या शेडाखाली त्याहून वर. दिवसा टाकीतली वाफ प्रसरण पावून झाकणाच्या छिद्रातून बाहेर पडते, रात्री टाकी गार झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि अशा रीतीने टाकी महिनोन्‌महिने श्वासोच्छ्वास करीत राहते. जूनमध्ये आत जे शिल्लक असते ते दिसायला पेट्रोल, पण पेटायला नाखूश असे द्रव्य असते.

दुसरी क्रिया याहून घातक. आत आलेल्या हवेतील प्राणवायू पेट्रोलमधील ऑलेफिन या असंपृक्त घटकांशी संयोग पावतो, त्यातून पेरॉक्साइड बनतात, आणि ती एकमेकांना जोडली जाऊन चिकट डिंकासारखा पदार्थ तयार होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो, तेव्हा २५ अंशांच्या खोलीपेक्षा ४५ अंशांच्या शेडात हे काम सुमारे चौपट वेगाने चालते. शुद्धीकरण कारखाने या क्रियेस आळा घालणारी रसायने मिसळतात आणि प्रयोगशाळेत १०० अंश तापमानाला, दाबाखालच्या प्राणवायूत ठेवून पेट्रोल किमान ३६० मिनिटे टिकते याची खातरजमाही केली जाते. परंतु ती तजवीज महिन्या-दोन महिन्यांत खपणाऱ्या मालासाठी आहे, टिनाखालच्या आठ महिन्यांसाठी नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनात आणखी एक भर पडते, कारण तेथे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते. पेट्रोल उडून जाते, ऑइल उरते.

हा डिंक कोठे जाऊन बसतो हे पाहायचे तर कार्बोरेटर उघडावा लागेल. इंधनाचा बारीक फवारा हवेच्या झोतात सोडणारा कार्बोरेटर विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये सिद्ध केला, आणि छोट्या इंजिनांत त्याचा वंश अजून नांदतो. त्यातील पितळी जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक छिद्राची तोटी, काढून उजेडाकडे धरावा. मंद गतीचा जेट असेल तर त्याचे छिद्र शिवणाच्या सुईच्या टोकाएवढे असते. निरोगी जेटमधून प्रकाशाचा स्वच्छ, वाटोळा बिंदू दिसतो, आणि आजारी जेटमध्ये तो बिंदू तपकिरी, अर्धचंद्राकार तरी होतो किंवा मुळीच दिसत नाही. आतल्या भिंतीवर मधाच्या रंगाचा थर असतो, नखाने खरवडला तर सुटत नाही, आणि त्याला पेट्रोलचा नव्हे तर वार्निशचा आंबट वास येतो. मेकॅनिक ज्याला ‘कचरा आला’ म्हणतो तो पुष्कळदा बाहेरून आलेला कचरा नसून पेट्रोलनेच प्रसवलेला असतो. अनेक हलक्या इंजिनांत तळाच्या वाटीऐवजी रबरी पडदा असतो. तो आठ महिन्यांत कडक झाला की इंधन ओढण्याचे त्याचे काम थांबते, आणि तेथे सफाईचा उपयोग नसून पडदाच बदलावा लागतो.

अलीकडे सारा दोष इथेनॉलच्या माथी मारण्याचा शिरस्ता पडला आहे. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचे २०२५ मध्ये गाठले गेले, हे खरे. इथेनॉल पाणी शोषते आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात, हेही खरे. १० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये साधारण पाच मिलिलिटर पाणी मावते, २० टक्क्यांच्या मिश्रणात त्याहून अधिक. परंतु निव्वळ हवेतल्या दमटपणाने ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. पाणी येते ते भर पावसात झाकण उघडल्याने, किंवा तळाशी घोटभर पाणी राहिलेल्या शीतपेयाच्या बाटलीतून पेट्रोल आणल्याने. शिवाय पेट्रोल इथेनॉलपूर्वीच्या काळातही शिळे होतच होते. जुना डिंक सैल करून जेटपर्यंत वाहून नेण्याचे काम इथेनॉल करते, जुन्या प्रकारचे रबर ते लवकर खराब करते, एवढा त्याचा गुन्हा मान्य करून बाकीच्या आरोपांतून त्यास मुक्त करावे.

आता निदान. दहा-बारा वेळा दोरी ओढूनही इंजिन लागत नसेल, तर पुढचे बळ वाया न घालवता प्लग काढून त्याच्या टोकाकडे पाहावे. टोक कोरडे असेल तर इंधन पोहोचतच नाही; ओले असेल तर इंधन येते पण पेटत नाही, मग ते अति झाले असेल, शिळे असेल किंवा ठिणगी नसेल. कोरड्या प्लगच्या बाबतीत छिद्रातून ताज्या पेट्रोलचे चार थेंब आत सोडून, सांडलेले पुसून, प्लग बसवून दोरी ओढावी: इंजिन क्षणभर भडकून बंद पडले, की ठिणगी व कॉम्प्रेशन ठीक असल्याचा दाखला मिळाला आणि संशय थेट कार्बोरेटरवर आला. ठिणगी तपासायची झाल्यास प्लगचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून, पण उघड्या छिद्रापासून व पेट्रोलपासून दूर, तपासावी. या एका निष्काळजीपणाने भडका उडतो. आणि सायलेन्सरच्या तोंडात अवश्य डोकवावे. कुंभारीण माशीला असे भोक मातीचे घरटे बांधण्यास फार आवडते, आणि धूर बाहेर पडायला वाट नसेल तर नवी हवा आत येत नाही.

किनाऱ्यावरच्या नव्या जेट स्कीला कार्बोरेटर नसतो, इंधन संगणकाच्या हुकमाने फवारले जाते, त्यामुळे तेथे पहिला संशयित बॅटरी असते: पूर्ण भारित शिसे-आम्लाची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, आपोआप उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. पुरासाठी म्हणून ज्या कचेऱ्यांच्या ताब्यात मोटरबोटी दिलेल्या असतात, त्यांनाही पडून राहिलेले यंत्र बिघडते हाच नियम लागू आहे. पैनगंगेला किंवा अडाण नदीला पाणी आल्यावर इंजिनाची पहिली परीक्षा घेणे ही गैरव्यवस्था होय. महिन्यातून एकदा ते पाण्यात चालवून दप्तरात तारीख व सही नोंदवावी.

शेतकऱ्याचे काम याहूनही सोपे आहे. शेवटची फवारणी झाली, की टाकी पूर्ण रिकामी करावी, मग इंजिन सुरू करून ते आपण होऊन बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरमधला थेंबही जळून जाईल. गार झाल्यावर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून दोरी एक-दोनदा सावकाश ओढावी, प्लग परत लावावा आणि सायलेन्सरचे तोंड फडक्याने झाकावे. काढलेले पेट्रोल ताजे असल्याने ते मोटरसायकलच्या टाकीत घालता येते, मात्र ऑइल मिसळलेले असेल तर ते तेथे घालू नये आणि विहिरीजवळ किंवा शेतात तर मुळीच ओतू नये. एवढ्या कामाला अर्धा तास लागतो, आणि तो सोयाबीन सोंगणीच्या आधीच काढून ठेवावा.