इंदूरचा खड्डा आणि आमच्या विहिरी

नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात गावोगावी नरकासुर जळतो. मराठीत ‘नरक’ या शब्दाचा एक अर्थ विष्ठा असाही आहे, याचे स्मरण त्या पहाटे फारसे कोणास होत नसावे. इंदुरात मात्र ते एकदा भर रस्त्यावर करून देण्यात आले होते. होळकर दरबाराने नगररचनेसाठी बोलाविलेल्या पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताने दिवाळीची मिरवणूक आखली आणि तीत घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर मिरवून ते जाळविले. ज्या वस्त्या आपली घरे-अंगणे अधिक स्वच्छ करतील त्यांतून मिरवणूक जाईल, अशी त्याने हूल उठवून दिली होती. १९१८ साली दरबारास सादर केलेल्या अहवालात, मैला पाण्याबरोबर दूर वाहून नेणाऱ्या खर्चिक योजनेपेक्षा तो जमिनीच्या व बागेच्या उपयोगी लावण्याकडे त्याचा कल स्पष्ट दिसतो.

त्याच इंदुरात १९२४ साली स्थापन झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी टाकाऊ पदार्थांच्या कुजण्याचे शास्त्र बसविले. त्यांचे सहकारी यशवंत वाड. दोघांच्या नावे १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने ‘इंदूर पद्धती’ जगभर पोहोचविली. जगाने हॉवर्ड यांचे नाव लक्षात ठेवले. वाडांचे नाव मराठी वाचकांनीही ठेवले नाही, हे जाता जाता नमूद केलेच पाहिजे. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात सैल रचावयाचे, ओल राखावयाची आणि तीन महिन्यांत तीनदा सारे वरखाली चाळवावयाचे. सर्व मर्म या चाळवण्यात. हवा खेळती राहिली की कुजणे निर्गंध होते. ढीग तुडवून घट्ट झाला किंवा पाण्याने तुंबला की दुर्गंधी सुटते, माश्या घोंघावतात. मानवी मैल्यालाही पुढे हीच पद्धत लावण्यात आली.

हे पुराण आज सांगण्यास कारण आहे. बंगल्यांच्या व लहान गृहसंकुलांच्या आवारात हल्ली साध्या शौचटाकीऐवजी हवेवर चालणारी मैलाशुद्धी यंत्रणा बसू लागली आहे. साध्या सेप्टिक टँकेत हवेविना जगणारे जंतू मैला संथपणे कुजवितात. बाहेर पडणारे पाणी काळपट, दुर्गंधीयुक्त व रोगजंतूंनी भरलेले असते आणि पुढील काम शोषखड्ड्याभोवतालच्या मातीवर सोडलेले असते. आपल्या जांभ्याच्या भूमीत ही माती कित्येक ठिकाणी हातभर खोल असते आणि खाली दगडाच्या भेगा. पावसाळ्यात विहिरीचे पाणी काठापर्यंत चढते तेव्हा शोषखड्डा व विहीर यांच्यात कितीसे अंतर उरते, याचा विचार ज्याने त्याने आपल्याच परसात उभे राहून करावा. नव्या यंत्रणेत पहिल्या कप्प्यात जड गाळ बसतो, दुसऱ्यात पंपाने अखंड हवा सोडली जाते, तिसऱ्यात पाणी निवळते व शेवटी क्लोरिनने अथवा अतिनील किरणांनी त्याचे निर्जंतुकीकरण होते. सांडपाण्यात हवा फुंकण्याची ही युक्ती आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टर येथे सिद्ध केली. इंदूरच्या खड्ड्यात जे काम मजुराचा दाताळा करीत होता, ते येथे पंप करतो.

आणि नेमकी येथेच आमच्या घरांची गफलत होते. यंत्रणा विकत घेतली की कर्तव्य संपले, असा समज आहे. गावचे घर बंद करून मुंबईस परतताना मेन स्विच खाली ओढणे ही आपल्याकडची पिढीजात शिस्त. त्या एका हालचालीने टाकीतील प्राणवायू तुटतो, काही दिवसांत हवेवर जगणारे जंतू मरतात आणि महागडी यंत्रणा पुन्हा साधी शौचटाकी बनते. मग चवथीला घर उघडते. वर्षभर उपाशी राहिलेल्या टाकीवर पाच दिवस वीस माणसांचा भार पडतो, त्यातच मोदक-नेवऱ्यांचे तेल आणि पाहुण्यांच्या स्वागतार्थ ओतलेले फिनेल व अॅसिड. आठव्या दिवशी दुर्गंधी सुटली म्हणजे दोष कंपनीचा!

ही यंत्रणा सांभाळणे दुभते जनावर सांभाळण्यासारखे आहे. रोज थोडे लक्ष लागते, फार नव्हे. पंपाचा आवाज चालू आहे ना, हे येताजाता ऐकावे. त्याची जाळी धुळीने बुजते, ती काढून साफ करावी. हवेच्या कप्प्यातील पाणी तपकिरी असावे आणि त्याला ओल्या मातीचा वास यावा. ते काळे पडले की हवा कमी पडली. तेच पाणी काचेच्या बरणीत अर्धा तास ठेवले की गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसले पाहिजे. बरणी बहुतांशी गाळानेच भरली, तर गाळ उपसण्याची वेळ आली. तरणतलावाच्या क्लोरिन गोळ्या येथे वापरू नयेत, या यंत्रणेसाठी दिलेल्याच वापराव्यात. गाळ उपसण्यास मात्र टँकरच बोलवावा. टाकीत माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि कायदा नसता तरीही ते निषिद्धच असते. आतील विषारी वायू क्षणार्धात माणूस पाडतो, त्याला काढण्यास उतरणारा दुसराही तेथेच पडतो, आणि अशा बातम्या आम्ही अजूनही छापतो.

इंदूरकडे पुन्हा वळू. स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिला क्रमांक मिळविणारे आणि २०२१ साली देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ ठरलेले हे शहर. नदीत उतरणारे सांडपाण्याचे ओघ त्याने अडविले, यास आमचा मनःपूर्वक मुजरा. त्याच शहरात २०२५ च्या डिसेंबरअखेरीस भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत मैलापाणी शिरले. शेकडो आजारी पडले, अनेकांचे प्राण गेले. बक्षीस मिळविणारी यंत्रणा वेगळी आणि जमिनीखालच्या नळाची गळती रोज पाहणारा माणूस वेगळा. दुसऱ्याची नेमणूक झाली नाही, तर पहिलीचा उपयोग किती?

आपल्या राज्यात घरबांधणीच्या वेळी टाकीचा आराखडा पाहिला जातो, दाखला दिला जातो, आणि त्यानंतर त्या टाकीकडे सहसा कोणी फिरकत नाही. जपानने १९८३ सालीच ‘जोकासो’ नावाच्या अशा घरगुती टाक्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. मालकाने नियमित देखभाल व गाळउपसा करवून घ्यावयाचा आणि वर्षातून एकदा नेमलेल्या संस्थेकडून पाण्याची तपासणी करून घ्यावयाची, असे बंधन तेथे आहे. आमच्या पंचायतींनी घरपट्टीच्या पावतीबरोबर वर्षातून एक पाण्याचा नमुना मागितला, तर त्यात अशक्य असे काय आहे? शेजारच्या विहिरीचाही नमुना त्याच दिवशी घ्यावा, म्हणजे वाद घरातल्या घरात मिटेल. आयटीआयमध्ये या पंपांची व टाक्यांची दुरुस्ती शिकविली, तर दोन-चार तरुणांना गावातच काम मिळेल. आज पंप बंद पडला तर माणूस शहरातून येईपर्यंत आठवडा उलटतो.

पावसाळा लागण्यापूर्वी ज्यांना गाळ उपसून घ्यावयाचा आहे, त्यांनी तो मे महिन्याच्या आतच उरकावा. भर पावसात भूजल वर आलेले असताना रिकामी केलेली हलकी टाकी होडीसारखी वर उचलली जाते आणि जोडनळ तुटून सारा मैला थेट परसात पसरतो.