जुनं घड्याळ घेताना तबकडी पारखा

चावीचं जुनं घड्याळ भेट द्यायची हौस हल्ली वाढली आहे. त्यात एच. एम. टी. ला मान मोठा. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला सुरू झालेला हा व्यवसाय बंद करायचं २०१६ साली सरकारने ठरवलं. जुनी घड्याळं मात्र आजही मिळतात! पण गिऱ्हाइकाला चकचकीत आवडतं, म्हणून पुष्कळदा मूळ तबकडी घासून पुन्हा रंगवतात. यंत्र चालतं, पण जाणकार अशा घड्याळाला कमी मोल देतात.

खोपटच्या एस. टी. स्टँडवर आपण घाई करतो, तशी इथे नको. पर्समध्ये एक भिंग ठेवा आणि एवढं पाहा :

१. अक्षरं रेखीव हवीत. शाई फुटलेली, ओळ तिरकी, तर संशय घ्या.

२. मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर आणि तासांच्या खुणांशी नेमक्या जुळणाऱ्या हव्यात.

३. खुणांच्या कडेला किंवा तबकडीच्या काठावर रंगाचे थर नसावेत.

४. डबी झिजलेली, काटे डागाळलेले आणि तबकडी मात्र कोरी करकरीत? मग विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

५. भडक रंगाला भुलू नका. त्याच नमुन्याच्या जुन्या जाहिरातीतल्या चित्राशी ताडून पाहा. कधी तबकडी कंपनीचीच, पण नंतर बदललेली असते.

आणि मैत्रिणींनो, घरातलं सासऱ्यांचं घड्याळ दुरुस्तीला देताना ‘तबकडीला हात लावू नका’ असं बजावून सांगा, पावतीवरही लिहून घ्या. पिवळी पडलेली तबकडी ही त्यांच्या वापराची खूण आहे. एकदा घासली की ती परत मिळत नाही.