बरणीचं झाकण लावण्याआधी

श्रावण-भाद्रपदाचा पाऊस पिऊन वाढलेलं परस आश्विनात एकदम देऊ लागतं. गवार एक दिवस खुडायची राहिली तर निबर होते, कारली वेलावरच पिकून फुटतात. शेजारीपाजारी वाटूनही उरतं, म्हणून वाळवण आणि लोणचं.

वीसेक वर्षांपूर्वी, नवरात्राला आठवडा असताना, चार दिवस कडक ऊन पडलं. तेवढ्यात मी गवार वाळवून बरणी भरली. ‘दसऱ्याआधी बरणी भरू नये,’ असं आई म्हणाली होती. मी मनावर घेतलं नाही. दिवाळीत झाकण काढलं तर तळाशी हिरवट-पिवळी बुरशी. वरच्या चांगल्या दिसणाऱ्या शेंगा मी निवडायला बसले, तर आईने बरणी ओढून घेतली आणि सगळी गवार खड्ड्यात पुरली. ‘गुरांपुढेही टाकायची नाही.’ अन्न वाया घालवू नये, हे जिने शिकवलं तिनेच असं करावं याचा मला राग आला. मी वाणिज्य शाखेची. रसायनशास्त्र शाळेतच सुटलेलं. त्या रागापायी पुन्हा वाचायला लागले.

वाचता वाचता १९७४ सालापाशी पोचले. त्या वर्षी गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत मका काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला. ओलसर मका तसाच साठवला गेला आणि त्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढली. गरीब आदिवासी कुटुंबांचं तेच मुख्य अन्न. काविळीची साथ पसरली, शंभराहून अधिक माणसं दगावली. त्याच घरांतली कुत्रीही मेली. कारण होतं अफ्लाटॉक्सिन, त्या बुरशीने सोडलेलं विष. ते डोळ्यांना दिसत नाही आणि शिजवून वा तळून पूर्ण नाहीसं होत नाही. माझ्या बरणीत ते होतंच असं मी म्हणत नाही. पण वरची शेंग स्वच्छ दिसते म्हणून ती निर्धोक ठरत नाही, एवढं मला कळलं.

मग कोणती वस्तू उन्हात आणि कोणती बरणीत, ही घरोघरची वाटणी मी नव्याने पाहिली. लिंबू, आवळा, कैरी मुळातच आंबट. अन्नाचा सामू ४.६ च्या खाली असेल तर बोटुलिझमचा जिवाणू त्यात वाढून विष तयार करू शकत नाही. म्हणून तेलाखाली हवा न मिळणाऱ्या जागीही ही फळं टिकतात. गवार, कारली, वांगी यांना ते संरक्षण नाही. त्यांच्यातलं पाणीच काढावं लागतं. कारल्याचं किंवा मिरचीचं लोणचं घालायचं तर वर लिंबू पिळतात. ताकातली गवार करताना आंबट ताक, मीठ आणि ऊन अशा तिघांची मदत घेतात. त्या लिंबाकडे मी इतकी वर्षं निव्वळ चवीसाठी म्हणून पाहत होते.

वाळवणात खरी फसगत असते ती आश्विनाच्या उन्हाची. ते चटका देतं, पण जमीन अजून ओली असते, हवेत दमटपणा असतो आणि रात्री दंव पडतं. दिवसभर सुकलेली शेंग अंगणात राहिली तर पहाटेपर्यंत पुन्हा ओलावते. म्हणून ताटं तिन्हीसांजेआधी घरात घ्यायची. शेंग वाकली तर कच्ची. कट्कन मोडली तर तयार. तरीही आधी आठवडाभर काचेच्या बरणीत झाकून ठेवावी. आतून काचेवर वाफ धरली तर लगेच पुन्हा ऊन द्यावं. बुरशी दिसली तर मात्र सगळीच पुरावी.

आईचा दसरा हा असा हवेचा अंदाज होता. पण तो आता पुरत नाही. भारतीय हवामान विभागाने २०२० साली मान्सूनच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा वायव्य राजस्थानातून परतीची सुरुवात १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. आमच्याकडे कित्येकदा दसऱ्यानंतरही सरी येतात. नुसती तिथी पाळणारी सून आज माझ्यासारखीच फसेल.

‘पुरायचं तुला कुणी सांगितलं?’ असं मी आईला एकदा विचारलं. ‘सासूबाईंनी,’ ती म्हणाली. ‘त्यांना?’ ‘ते मी नाही विचारलं.’ नियम असे हातोहात आले, कारणं मागे राहिली. आता लेकीला बरणी देताना मी तिथी सांगत नाही. एक शेंग तिच्या हातात देते आणि मोडून बघ म्हणते.